चोवीस कड्यांची साडी

माझ्या बायकोने एकदा पाहुण्यांना पडदा नेसून पुरणपोळी वाढली, आणि यात तिची काडीचीही चूक नव्हती.

चूक माझी होती. पण ती समजायची तर आधी माझी नोकरी समजून घ्यायला हवी. मी चोवीस वर्षं फौजेत होतो. लढाईबिढाई विचाराल तर तसं काही नाही (गावात मात्र मी हे इतकं स्पष्ट सांगत नाही). मी स्टोअरला होतो. ब्लँकेटं, तंबू, मच्छरदाण्या मोजून घ्यायच्या आणि मोजून द्यायच्या. स्टोअरमध्ये मी एकच गोष्ट शिकलो: प्रत्येक वस्तूला चिठ्ठी हवी. चिठ्ठी आहे ती वस्तू कुणाची तरी आहे, तिला हात लावायचा नाही. चिठ्ठी नाही ती कुणाचीच नाही, खुशाल वापरायला काढायची.

दुसरी गोष्ट रंगाची. चोवीस वर्षांत माझ्या डोळ्यांपुढून जेवढं कापड गेलं त्याचा रंग एकच, हिरवा, आणि नक्षी एकच, पानं! पानांवर पानं! असले कपडे घालून झुडपात लपायचा सराव असायचा, आणि दर वेळी साहेबांना पहिला मीच सापडायचो. फौजेच्या कापडावर पानं असतात, फांद्या असतात, चिखलाचे डागसुद्धा असतात, पण फूल म्हणाल तर एक नाही. तेव्हा रिटायर होऊन कोरेगावात घर बांधलं त्या दिवशीच मी ठरवलं, की उरलेलं आयुष्य फुलांत काढायचं. पण मंगलने, म्हणजे आमच्या बायकोने, सगळ्या भिंतींना बदामी रंग दिला आणि पडद्यांचं नाव काढलं की म्हणायची, "लावू की सावकाश. कोण बघाय येतंय?"

बघायला येणारं माणूस एकच होतं, आणि ते येत नव्हतं. शालनआक्का, माझी थोरली बहीण. दिली मिरजेजवळच्या एका गावात. आई लवकर गेली, मला आक्कानेच वाढवलं. भाकरी तिच्याच हातची खाल्ली आणि धपाटेही. स्वभावाने मोठी गोड, फक्त मान चुकला की संपलं. आणि तिचा मान मी चुकवला होता.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मुलाचं लग्न झालं. आहेराचं काम मी हौसेने अंगावर घेतलं (स्टोअरचा माणूस!). आमच्याकडे घरोघरी एक ट्रंक असते आणि तिच्यात देण्याघेण्याच्या साड्या असतात. त्या कुणी नेसत नाही. त्या एका लग्नात येतात, दुसऱ्या लग्नात जातात. काही साड्या माझ्यापेक्षा जास्त गावं फिरल्या असतील. त्या ढिगातून मी एक साडी उचलली, वर नारळ ठेवला आणि भर मांडवात आक्काच्या हातात दिली. आणि ती साडी मंगलला दोनच महिने आधी आक्कानेच दिलेली निघाली! पदराचे गोंडेसुद्धा तिने स्वतः बसून केलेले.

आक्काने गोंड्यांवरून एकदा हात फिरवला, साडी खुर्चीवर ठेवली, नारळ तेवढा घेतला आणि मिरजेची गाडी धरली. मग तीन वर्षं तिने आमचा उंबरा ओलांडला नाही. राखी पोस्टाने यायची. पाकिटात राखीशिवाय एक अक्षर नसायचं. मी ते पाकीट दर वेळी उलटं करून झटकायचो.

त्या लग्नानंतर मंगलने ट्रंकेतल्या एकेका साडीला चिठ्ठी टाचली. 'वडूजची मामी', 'रहिमतपूरची जाऊ', 'समोरच्या इंदूकाकी'. म्हणजे ज्याचं त्याच्याच घरी परत जायला नको. ही पद्धत मीच शिकवली म्हणून मी चार लोकांत सांगायचोही.

आणि यंदा अचानक आक्काचा फोन आला.

"दत्त्या, प्राजूचं जमलंय."

"आक्का! लय भारी झालं बघ!"

"रैवारी आमी दोघं येतोय. पत्रिका घिऊन."

"या की! मामा हाय मी. उभा ऱ्हातो तिच्या मागं."

मग आक्का म्हणाली, "मागं कोण उभं ऱ्हायचं ते आजून ठरलं न्हाई. तिला चुलतमामाबी हाय. येऊन बघते, तुमच्या घरात माझा मान किती हाय ते. मग सांगते."

आक्काने फोन ठेवला. प्राजू म्हणजे आक्काची लेक. तिला मी खांद्यावर बसवून अख्खं गाव हिंडवलेलं. मी सुट्टीवर आलो की ती माझे बूट घालून अंगणात परेड करायची आणि मला सॅल्यूट ठोकायला लावायची. तिच्या लग्नात तिच्या पाठीशी दुसराच कुणी मामा उभा राहणार! मला दोन दिवस घास गोड लागला नाही.

गुरुवारी मंगल माहेरी वडूजला गेली. तिच्या भावाकडे जागरण-गोंधळ होता. रविवारी सकाळी परत येणार होती. जाताना पिशवी खांद्याला अडकवून म्हणाली, "घर तेवढं झाडून ठिवा. दुसरं कायबी करू नगा."

हुकूम अगदी स्पष्ट होता. पण त्याच दुपारी मोबाईलवर एक बाई दिसली. तिने पाच मिनिटांत अख्खं घर फुलाफुलांच्या कापडाने सजवून टाकलं. पडदे फुलांचे, उशा फुलांच्या, खुर्च्या फुलांच्या. शेवटी म्हणाली, "फुलांचं कापड लावलं की घर हसायला लागतं." मी आमच्या घराकडे बघितलं. बदामी भिंती होत्या तशाच गप्प उभ्या होत्या. म्हटलं, आक्काला मान दाखवायचा तर हाच! तीन वर्षांनी येतेय, तिला हसतं घर दिसलं पाहिजे.

लगेच बाजारात गेलो. दुकानदार पोरसवदा होता. म्हणाला, "काका, सध्या प्लेन चालतंय. फुलं आउट झाली." माझी फुलं अजून सुरूही झाली नव्हती आणि ह्यांची आउट झाली! रागारागाने घरी आलो आणि माझी नजर कोपऱ्यातल्या काळ्या ट्रंकेवर गेली.

ट्रंक उघडली आणि काय सांगू! फुलंच फुलं! निळी, जांभळी, पिवळी, कण्हेरीसारखी, झेंडूसारखी, आणि काही तर कुठल्याच झाडाला येत नाहीत अशी. म्हटलं, ह्या साड्या जन्मभर नुसत्या गावोगाव फिरणार, त्यापेक्षा घराला लावल्या तर काय बिघडलं? चिठ्ठ्यांचं काय, हा प्रश्न मलाही पडला. मी सगळ्या चिठ्ठ्या शिस्तीत काढल्या, सारख्या केल्या, रबर लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवल्या. (कुठली चिठ्ठी कुठल्या साडीची, हे लिहून ठेवायचं राहिलं. स्टोअरला असतो तर माझी चौकशी लागली असती.)

अगदी तळाला पांढऱ्या फडक्यात बांधलेली एक साडी निघाली. सगळ्यात देखणी! मोतिया रंग, त्यावर वाटीएवढे गुलाबी गुलाब, टोकाला गोंडे. उलटीसुलटी करून बघितली. चिठ्ठी नव्हती.

इथे कुणी विचारेल, की ज्या साडीपायी बहीण दुरावली ती साडी तुम्हाला ओळखू आली नाही? नाही आली. त्या दिवशी मांडवात मी साडीकडे बघतच नव्हतो, आक्काच्या तोंडाकडे बघत होतो. आणि चिठ्ठी नाही ती कुणाचीच नाही, हे चोवीस वर्षं हाडांत मुरलेलं.

शुक्रवार-शनिवार मंगलचं शिलाई मशीन मी थंड होऊ दिलं नाही. साड्या कापून सोफ्याला खोळी केल्या. टीव्हीला झूल केली. फ्रिजला अंगरखा केला, मिक्सरला टोपडं केलं, गॅसच्या सिलिंडरला घेरदार झगा केला. गुलाबाची साडी पुढच्या खोलीतल्या मोठ्या खिडकीसाठी राखून ठेवली होती. ती आडवी धरली तर उंचीला बरोब्बर बसली, कात्री लावायची गरजच पडली नाही. वरच्या काठाला ओळीने स्टीलच्या चोवीस कड्या शिवल्या, नोकरीच्या एकेका वर्षाची एक. दोरा साधा नाही वापरला. माझ्याकडे तंबूचा मेण लावलेला दोरा होता, आणि टाकाही तंबूचाच घातला, दुहेरी गाठीचा. हा टाका वादळातसुद्धा सुटत नाही.

शनिवारी संध्याकाळी समोरच्या इंदूकाकी रस्त्यावरूनच ओरडल्या, "मेजर, पडदा लय झ्याक हाय की!" (आमच्या भागात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो.) "कुठनं आणला?"

"घरचाच माल हाय, काकी!" मी छाती फुगवून सांगितलं.

रविवारी सकाळी नऊला मंगल वडूजच्या एस्टीतून उतरून घरी आली. हातात वाटलेल्या पुरणाचा डबा होता. आक्का आणि दाजी अकराच्या सुमाराला मिरजेकडून गाडीने यायचे होते. मंगलने दारात चप्पल काढली, आत पाऊल टाकलं, सोफा बघितला, टीव्ही बघितला. "अवं, हे काय…" एवढं म्हणाली आणि तिची नजर खिडकीवर गेली. ती मटकन सोफ्यावर बसली. आपण कशावर बसलोय हे कळल्यावर तितक्याच झटकन उठली.

"ही… ही कुठं घावली तुमास्नी?"

"ट्रंकेत. तळाला. चिठ्ठी न्हवती तिला."

"चिठ्ठी कशी आसंल? ती कुणाला द्यायचीच न्हवती!"

"मग?"

"अवं, ती वन्संची साडी! मांडवात खुर्चीवर ठिवून गेल्या ती! तीन वर्षं जपलीया मी. म्हटलं, ज्या दिवशी वन्सं घरात पाय ठिवतील त्या दिवशी हीच नेसून त्यांच्या पाया पडीन. आज नेसायची होती मला! आन तुमी…" तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आम्ही दोघांनी पडदा उतरवला आणि कड्या काढायला बसलो. ब्लेड झालं, कात्री झाली, सुई झाली, शेवटी मी दात लावले. दर कडीला दुहेरी गाठ, वर मेण! आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या कामाच्या पक्केपणाचा राग आला. साडेदहा वाजले तेव्हा चोवीसातल्या पाच कड्या निघाल्या होत्या.

"ऱ्हाऊ दे," मंगलने साडी माझ्या हातातून ओढून घेतली. "तशीच नेसते."

"अगं, पण कड्या?"

"कड्यांसकट!"

ती आत गेली आणि मी बाहेर कड्यांच्या आवाजावरून हिशेब करत उभा राहिलो. बारा कड्या कमरेत खोचल्या गेल्या, चार निऱ्यांत गडप झाल्या, तीन पदराबरोबर खांद्यावर चढल्या, त्या तिने काठ दुमडून टाचणीने लपवल्या. बाहेर आली तेव्हा दिसायला ती खरंच सुरेख दिसत होती. फक्त कमरेला काडतुसांचा पट्टा बांधावा तसा फुगवटा होता, आणि पाऊल टाकलं की बैल पोळ्याला निघाल्यासारखा आवाज यायचा. खळ्ळ!

बाहेर रिक्षा थांबली. दाजी आधी उतरले, मग आक्का. तीन वर्षांत केस पांढरे झालेले, पण मान तशीच ताठ. ती उंबऱ्यात आली, मंगल वाकली (खळ्ळ!) आणि आक्काची नजर साडीवर पडली.

आक्काने हळूच पदराचा गोंडा हातात घेतला. "जपून ठिवलीस व्हय गं?" म्हणाली. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. म्हटलं, दत्ता, जिंकलास! आक्काने मंगलला पोटाशी धरलं.

आणि लगेच सोडलं.

"मंगल, कमरंला हे काय गं टोचतंय?"

मंगलने माझ्याकडे बघितलं. अशा वेळी माणसाने गप्प बसावं. पण मी बोललो.

"पट्टा! आक्का, पट्टा हाय. कंबर धरलीया तिची."

"कसला रं पट्टा? लोखंडी लागतोय हाताला."

"लोखंडीच. फौजेतला हाय."

आमचे दाजी मोठे सज्जन माणूस, पण दुखण्याचं नाव निघालं की त्यांच्या अंगात येतं. मिरजेच्या इतक्या जवळ राहून राहून त्यांना प्रत्येक अवयवाचा दवाखाना तोंडपाठ झालाय. ते सरसावून बसले. "लोखंडी पट्टा? आवं, कुणी सांगितला ह्यो उपाय? कंबर म्हंजी खेळ न्हाई! आमच्या मिरजंला चला. हाडाचा येक डाक्टर हाय, नुसती चाल बघून मणका सांगतो!"

"हुईल बरी, दाजी. आधी जेवून घ्या."

"जरा गार पाणी आणतो," म्हणत दाजी स्वतःच स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. जाऊन बघतो तर ते सिलिंडरचा झगा वर करून आत वाकून बघत होते. "दत्ता, तुमचा फ्रिज कुठला रं ह्यातला?"

जेवायला बसवलं तर दाजींच्या टकलावर थेट ऊन. आक्का म्हणाली, "समदं घर फुलांनी मढवलंयस, आन हीच खिडकी उघडी व्हय रं?"

"पडदा धुवायला टाकलाय," मी म्हणालो. पडदा त्या वेळी माझ्यासमोरून पोळ्या घेऊन चालला होता.

आक्का मंगलला उठू द्यायला तयार नव्हती. "बस तू. दत्त्या वाढंल." पण मंगल हट्टाला पेटली. "न्हाई वन्सं, तीन वर्षांनी आलाय. मीच वाढणार." ती वाकायची, पोळी पानात पडायची आणि खळ्ळ! तूप वाढलं, खळ्ळ! कटाची आमटी, खळ्ळ, खळ्ळ! दाजींचा हातातला घास हातातच राहिला.

"शालन, ऐकलंस? हाडं वाजाय लागल्यात तिची! हे लय बेकार लक्षण हाय!"

"व्हय की वं," आक्काचाही चेहरा उतरला. "पोरी, येवढं दुखणं अंगावर काढतीस? तीनच्या गाडीनं आमच्यासंगं चल. आज दाखवूनच टाकू."

"न्हाई वन्सं, तसं काय न्हाई…" मंगल मागे सरली. खळ्ळ!

"बघा! बघा!" म्हणत दाजी उठले, उष्ट्या हाताने फोन काढला आणि मिरजेला लावला. "हॅलो, येक पेशंट आणतोय सांच्याला. न्हाई, पडली न्हाई. कंबर वाजती. आवं, वाजती म्हंजी वाजती!"

तेवढ्यात आक्काने पिशवीतून पत्रिका काढली. तिला हळदकुंकू लावलेलं होतं, वर माझं नाव होतं. ती मंगलकडे बघून हसली आणि मला म्हणाली, "दत्त्या, माझा राग गेला बघ. हिनं साडी जपली, मला समदं मिळालं. हिकडं ये. ही घे…"

मी हात पुढे केला. पत्रिका आणि माझी बोटं यांच्यात वीतभर अंतर उरलं होतं. आणि दारातून इंदूकाकी आत आल्या.

"मेजर, खिडकी उघडी दिसली म्हणून आले. म्हटलं, कालचा पडदा चोरीला गेला का काय…" त्या बोलता बोलता थांबल्या, मंगलला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि गालावर बोट ठेवलं. "अगं बया बया! नेसलीस व्हय!"

दाजींच्या फोनमधून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

"पडदा?" आक्का म्हणाली.

"आक्का, तसं न्हाई, म्हंजी…"

"तू गप." ती उठली, मंगलच्या खांद्यावरचा दुमडलेला काठ उलगडला आणि स्टीलची कडी तिच्या बोटात आली. ती तशीच धरून आक्का उभी राहिली. पत्रिकेचा हात मागे गेला. "जपून ठिवलीवती म्हणं. खिडकीत?"

मला तिथल्या तिथे मिरजेचा मांडव दिसला, प्राजू दिसली आणि तिच्या मागे तो चुलतमामा दिसला. आता खोटं बोलायला काही उरलंच नव्हतं.

"आक्का, तिनं जपलीवती. आगदी फडक्यात बांधून. खिडकीत मी लावली. मागं मांडवात तुला दिली तीबी मीच, तिला ठावंसुदीक न्हवतं. तू येणार म्हणून घर सजवाय गेलो. मला फुलं बरी वाटली गं." मी हात जोडले. "काय राग काढायचा त्यो माझ्यावर काढ. तिच्यावर नगं."

आक्का मंगलकडे वळली. "कमरंचं दुखणं?"

"न्हाई वन्सं. कड्या हायत."

"किती?"

"येकोणीस. पाच निघाल्या. बाकीच्या निघंनात, ह्यांनी तंबूचा टाका घातलाय. पण तुमी येणार आन ही साडी माझ्या अंगावर न्हाई, आसं कसं चाललं आसतं?"

आक्काच्या ओठांचा कोपरा हलला. मला वाटलं, आता रडते. पण तिच्या पोटातून आधी एक बारीक आवाज आला, मग मोठा आला, आणि ती मंगलच्या खांद्याला धरून हसायलाच लागली. "कड्यांसकट! अगं माझे बाई, कड्यांसकट पोळ्या वाढल्यास!" ती हलली की मंगल हलायची, मंगल हलली की कड्या वाजायच्या, कड्या वाजल्या की आक्काला पुन्हा हसू यायचं. दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तीन वर्षांचं सगळं त्यात वाहून गेलं असावं. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मला इतका आनंद झाला होता की मीही रडत होतो.

दाजींनी फोन कानाला लावला. "हॅलो, ऱ्हाऊ द्या. पेशंट न्हाई, पडदा हाय."

इंदूकाकी हसता हसता सोफ्यावर टेकल्या. हाताखालची जांभळी फुलं त्यांनी दोनदा चाचपून बघितली आणि हसायच्या थांबल्या. "मेजर, मी बसलीया ती माझीच साडी न्हवं?"

त्यांना काय उत्तर दिलं ते मला आता आठवत नाही. बहुतेक चहा दिला.

दुपारी मंगलने दुसरी साडी नेसली आणि नणंद-भावजय मिळून गुलाबाच्या साडीच्या कड्या काढायला बसल्या. तंबूचा टाका काही सुटला नाही, साडीच उभी फाटली. आक्काने दोन्ही तुकडे गुंडाळून पिशवीत घातले. "ह्याचं काय करायचं ते मी बघते." मग पत्रिका माझ्या हातावर ठेवली. "धर. प्राजूच्या मागं तूच उभा ऱ्हायचं. पण मी दीन ते कापड अंगात घालून. काय आसंल ते."

"जी!" मी खाडकन सॅल्यूट ठोकला. (काय आसंल ते, याकडे मी लक्षच दिलं नाही.)

ऊस कारखान्याला गेला, आक्काच्या हातात पैसा आला आणि लग्न झालं. आदल्या दिवशी आम्ही पोचलो तर आक्काने आमच्यापुढे दोन पुड्या ठेवल्या. मंगलच्या पुडीत नवी कोरी साडी, आणि तिला टाचलेली चिठ्ठी: 'नेसायला. खिडकीला नाही.' माझ्या पुडीतही चिठ्ठी होती: 'मामाचा मान. परत घेतला जाणार नाही.' खाली शर्ट होता. मोतिया रंग, त्यावर वाटीएवढे गुलाबी गुलाब. बटणांच्या पट्टीच्या आत, कुणाला दिसणार नाही अशी, एक स्टीलची कडी शिवलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी तो शर्ट घालून, वर फेटा बांधून, प्राजूच्या पाठीशी उभा राहिलो. मंगलाष्टकं सुरू झाली आणि खरं सांगतो, मला स्वतःच्या अंगावर काय आहे याचं भानच उरलं नाही. आमची बूट घालून परेड करणारी पोर लग्नाला उभी होती आणि तिच्या मागे मी होतो. त्याहून मोठा मान मला चोवीस वर्षांत मिळाला नव्हता.

फक्त एक घोटाळा झाला. मांडववाल्याने बोहल्यामागे पडदा लावला होता. तोही मोतिया. त्यावरही वाटीएवढे गुलाबी गुलाब!

लग्नाचा अल्बम आता आमच्या घरीही असतो. प्राजू दिसते, नवरा दिसतो, अंतरपाट दिसतो. प्राजूच्या मागे गुलाबांच्या पडद्यात नुसता एक फेटा अधांतरी दिसतो. पाहुणे विचारतात, "आन मामा कुठाय?" मग मंगल फोटोवर बोट ठेवते. "ह्यो काय. नीट बघा, फेट्याखाली मिशी हाय."

झुडपात लपायचं कसं, ते चोवीस वर्षांत फौजेला मला शिकवता आलं नाही. आक्काने एका शर्टात शिकवलं!